हिवाळ्यात घरगुती हवामान यंत्रांवर किती विसंबायचे?

गेल्या काही वर्षांत सांगली, मिरज, तासगाव, पलूस या पट्ट्यात घराच्या भिंतीवर किंवा बागेतल्या शेडमध्ये डिजिटल हवामान यंत्र लावण्याची पद्धत चांगलीच रुजली आहे, आणि मार्गशीर्षात थंडी पडू लागली की त्या यंत्रांच्या पडद्यांचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरू लागतात. एकाच गावातून एकाच पहाटे कोणी 6.3 अंश टाकतो, कोणी 10.8 टाकतो, आणि तिसरा मोबाइलच्या ॲपमधला 13 चा आकडा दाखवून दोघांनाही खोटे ठरवतो. मे महिन्यात यंत्राने 39 दाखवले काय किंवा 41 दाखवले काय, आपल्या वागण्यात फारसा फरक पडत नाही, त्यामुळे तेव्हा त्याची चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. पण द्राक्षाच्या फुगवणीच्या काळात दोन अंशांवर रात्रीची झोप, डिझेलचा खर्च आणि फवारणीची टाकी अवलंबून असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत निरभ्र रात्र, दव आणि तिरपे ऊन या तीन गोष्टी मिळून या यंत्रांना सर्वांत जास्त चकवतात. म्हणूनच केवळ पडद्यावरच्या आकड्यावर बागेचे निर्णय घेणे मला धोक्याचे वाटते.

पडद्यावर 7.4 दिसले की यंत्र अंशाच्या दहाव्या भागापर्यंत अचूक मोजते आहे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आकडा किती बारीक दाखवायचा आणि तो किती बरोबर असायचा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अशा यंत्रांत तापमानासाठी बहुधा थर्मिस्टर नावाचा छोटा घटक असतो, आणि घरगुती दर्जाच्या यंत्राच्या माहितीपत्रकात, ते सोबत आलेच तर, साधारण अधिक-उणे 1 अंशाची सूट घेतलेली असते. म्हणजे खरे तापमान 8 असताना तुमचे यंत्र 7 आणि शेजाऱ्याचे 9 दाखवत असेल, तर बनवणाऱ्याच्या हिशेबाने दोन्ही निर्दोष आहेत. आर्द्रतेत ही सूट सहसा 5 टक्के असते, आणि हवेतली आर्द्रता 90 टक्क्यांच्या वर गेली की ती आणखी वाढते. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर यातले काहीच छापलेले नसते, ही माझी पहिली तक्रार आहे.

ही झाली यंत्राच्या अंगची चूक. ते जिथे टांगले जाते त्या जागेची चूक याहून पुष्कळ मोठी असते. हवामान खात्याच्या वेधशाळेत तापमापक ज्या पेटीत ठेवतात तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने ती तयार केली. पांढऱ्या रंगाची, चारही बाजूंनी दुहेरी झडपांची ही लाकडी पेटी मोकळ्या गवताळ जमिनीवर अशी उभी करतात की आतले तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर येतील, आणि आपल्या गोलार्धात तिचे दार उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे नोंद घेताना दार उघडले तरी ऊन आत शिरत नाही. ही सारी खटपट एवढ्याचसाठी असते की तापमापकाने हवेचे तापमान मोजावे, उन्हाचे, भिंतीचे किंवा छपराचे मोजू नये.

आमच्या गल्लीतली दोन यंत्रे मी गेल्या हिवाळ्यात मुद्दाम पाहून आलो. एकाचा सेन्सर, म्हणजे मोजमाप घेऊन पडद्याला कळवणारी बाहेरची डबी, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडखाली, पत्र्यापासून वीतभर अंतरावर तारेने बांधलेला आहे. दुसऱ्याचा सेन्सर पश्चिमेच्या सिमेंटच्या भिंतीत खिळा ठोकून लावलेला आहे. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. पहाटे त्याच्या खालच्या बाजूला पाणी सुटून थेंब टपकत असतात, आणि त्या गारव्यात टांगलेला सेन्सर गावाचे नव्हे तर त्या पत्र्याचे तापमान सांगतो. पश्चिमेची भिंत मात्र दुपारभर तापलेली असते आणि ती साठवलेली ऊब रात्रभर थोडी थोडी सोडत राहते. या दोन घरांत मधे फक्त एक बोळ आहे, तरी पहाटेच्या आकड्यांत चार अंशांचा फरक होता, आणि दोन्ही घरांतील मंडळी आपापला आकडा गटावर गावाचे तापमान म्हणून टाकत होती.

हिवाळ्यातल्या उन्हाचीही एक गंमत आहे, जी लक्षात न आल्याने अनेकांची दिवसाची नोंद बिघडते. सांगली-साताऱ्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे 50 अंशच वर चढतो आणि तोही दक्षिणेकडे झुकलेला असतो. मे महिन्यात तो जवळपास डोक्यावर असल्यामुळे दक्षिणेकडच्या ओसरीत किंवा सज्जाखाली लावलेला सेन्सर दिवसभर सावलीत राहतो. तोच सेन्सर डिसेंबरात छपराखालून तिरप्या आलेल्या उन्हात तासन्‌तास तापतो. यंत्र उन्हाळ्यात बसवले, तेव्हा जागा सावलीची होती, म्हणून हिवाळ्यातही ती तशीच असेल असे मानून चालत नाही. मग दुपारी 34 अंश आणि पहाटे 7 अंश असे आकडे पाहून तापमानातल्या तफावतीमुळे मण्यांचे आता काय होणार, या काळजीने माणसे कृषी केंद्रात धाव घेतात, आणि तिथे काही ना काही गळ्यात पडतेच.

तरी मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती आर्द्रतेच्या आकड्याची, कारण त्यावर डाऊनी आणि भुरी या द्राक्षावरच्या रोगांच्या फवारण्या ठरतात. बागेत सकाळी सातला सेन्सर हातात घेऊन पाहावा. पांढऱ्या डबीवर दवाचे थेंब ओळीने लोंबत असतात, हवा आत जाण्यासाठी ठेवलेल्या बारीक फटींवर पाण्याचा थर धरलेला असतो आणि पडद्यावर 99 टक्के दिसतात. साडेनऊ-दहाला ऊन चांगले वर येते, पानावरून हात फिरवला तर तळवा कोरडा राहतो, पण डबीच्या आतला ओलावा गेलेला नसतो म्हणून पडदा अजूनही 95-96 वर अडून बसलेला असतो. हवेतली आर्द्रता मोजणारा हा घटक वरचेवर असा भिजत राहिला तर कालांतराने त्याचे मोजमापच सरकते आणि मग कोरड्या दुपारीही तो काही टक्के जास्त सांगू लागतो. शिवाय डबीवरचे पाणी सुकत असताना ती डबी हवेपेक्षा थंड होते, म्हणून त्या तासाभरात तापमानही खऱ्यापेक्षा खाली दिसते.

डाऊनीच्या बीजाणूला पानात शिरायला पानावर पाणी लागते. पान किती तास ओले राहिले, याला खरे महत्त्व आहे, आणि ते मोजण्यासाठी निराळा सेन्सर असतो. घरगुती यंत्रात तो नसतो. तेव्हा 95-96 वर अडकलेला आकडा पाहून पान अजून ओलेच आहे असे समजून जादा फवारणी केली, तर औषधाचे पैसे आणि ब्लोअरचे डिझेल तर जातेच, पण निर्यातीच्या बागेत औषधाच्या उर्वरित अंशांचा प्रश्न डोक्यावर येऊन बसतो. वर्षभर पोटच्या पोराप्रमाणे जपलेला माल काढणीच्या तोंडावर रेसिड्यूच्या तपासणीत अडकणे म्हणजे काय, हे इथल्या बागायतदाराला सांगायला नको. थंडीचा आकडाही असाच महाग पडतो. यंत्र दोन अंश कमी दाखवत असेल तर माणूस विनाकारण पहाटे उठून मोटार चालू करतो आणि बांधाबांधावर शेकोट्या पेटवून धूर करत बसतो. ते दोन अंश जास्त दाखवत असेल, तर तो निर्धास्त झोपतो आणि ज्या रात्री विहिरीचे कोमट पाणी बागेला द्यायला हवे होते तीच रात्र हातची जाते.

आता यंत्राच्या पडद्यावर दिसणाऱ्या ढगाच्या आणि सूर्याच्या चित्राबद्दल थोडे. ही यंत्रे हवेचा दाब उतरला की पावसाचे चित्र दाखवतात. हा आडाखा थंड प्रदेशांतल्या हवामानावर बेतलेला आहे, जिथे दाब उतरणे म्हणजे वादळी हवा जवळ येणे असा अर्थ बऱ्याचदा खरा ठरतो. आपल्याकडे दाब रोजच ठरल्याप्रमाणे खाली-वर होतो. सकाळी आणि रात्री 10 च्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो, तर पहाटे आणि दुपारी 4 च्या सुमारास सर्वांत कमी. स्वच्छ दिवशीसुद्धा सकाळ ते दुपार यांत तीन-चार हेक्टोपास्कलचा उतार सहज येतो, आणि तो पाहून यंत्र ढग काढते. त्यात समुद्रसपाटीपासूनची उंची यंत्रात भरायची राहून गेली असेल तर विचारायलाच नको. सांगली साधारण 550 मीटरवर असल्याने इथला प्रत्यक्ष दाब 950 हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, आणि समुद्रकाठच्या 1013 शी तुलना करणाऱ्या यंत्राला तो चक्रीवादळाइतका कमी वाटतो. अवकाळीच्या धास्तीने आधीच जीव टांगणीला लागलेल्या माणसाला असे चित्र दाखवणे मला अन्यायाचे वाटते. पावसाचा अंदाज हवा असेल तर तो हवामान खात्याच्या जिल्हानिहाय अंदाजात पाहावा, भिंतीवरच्या चित्रात पाहू नये.

महाबळेश्वरच्या बाबतीत दरवर्षी होणारा वाद याच अज्ञानातून निर्माण होतो. वेण्णा तलावाच्या काठी गवतावर, नावांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण दिसले की तापमान शून्यावर गेल्याचे फोटो पसरतात, आणि त्याच दिवशी वेधशाळेचा आकडा कितीतरी जास्त आला की लोक वेधशाळेलाच नावे ठेवतात. वास्तविक दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. थंड हवा जड असल्यामुळे ती उतारावरून वाहत तलावाच्या खोलगट भागात साचते, आणि निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवताच्या पात्याचे तापमान सव्वा मीटर उंचीवरच्या हवेपेक्षा काही अंशांनी खाली जाते. म्हणून पेटीतल्या तापमापकाने तीन-चार अंश दाखवले तरी खाली दव गोठू शकते. आपल्याकडेही ओढ्याकाठची बाग आणि माळावरची बाग यांत हाच फरक पडतो, आणि तो जुन्या माणसांना यंत्रावाचून ठाऊक होता. मोबाइलच्या ॲपमधला आकडा तर बहुतेक वेळा कुठेही मोजलेला नसतो. कित्येक किलोमीटरच्या चौकोनासाठी संगणकाने काढलेला तो अंदाज असतो, त्यात तुमचा ओढा नसतो आणि माळही नसतो.

यंत्र फेकून द्या, असे मी म्हणत नाही. ते नीट टांगले आणि पारखून घेतले, तर उपयोगाचे आहे, आणि त्याला फारसा खर्चही येत नाही. पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्या मधोमध गोल भोक कापून, दोन थाळ्यांत बोटभर फट ठेवून एकावर एक बसवाव्यात, सगळ्यात वरची थाळी न कापता ठेवावी आणि सेन्सर आत टांगावा; हा सांगाडा भिंतीपासून आणि पत्र्यापासून दूर, मोकळ्या जागी, छातीच्या उंचीवर खांबाला बांधावा. तापमान पारखायचे तर बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी एकत्र कालवून त्यात पिशवीत घट्ट गुंडाळलेला सेन्सर अर्धा-पाऊण तास ठेवावा. तिथे शून्य दिसायला हवे, आणि दीड दिसले तर थंडीत दीड वजा करायचे एवढे कळते. आर्द्रतेसाठी बाटलीच्या झाकणात घरातलेच मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतकेच पाणी घालावे आणि झाकण व सेन्सर एका घट्ट डब्यात रात्रभर बंद ठेवावेत. अशा डब्यात आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र 82 दाखवत असेल तर आजवर किती फवारण्या त्या 7 टक्क्यांपायी झाल्या असतील, याचा ज्याचा त्याने हिशेब करावा.

बाहेरच्या सेन्सरमधले सेल दिवाळीनंतर बदलून टाकावेत. आपल्या थंडीने नवा सेल निकामी होत नाही, पण जुना सेल नेमका पहाटेच्या गारठ्यात कमजोर पडतो, बिनतारी संदेश तुटतो आणि काही यंत्रांत शेवटचा आकडा बराच वेळ तसाच दिसत राहतो. पहाटे दोनचे तापमान आपण सहाचे म्हणून वाचतो, आणि दिवसाचा नीचांक तर सूर्योदयाच्या आसपास येत असतो.

विकणाऱ्यांकडून माझी मागणी साधी आहे. चूक किती अंशांची आणि किती टक्क्यांची असू शकते, हे खोक्यावर मराठीत आणि ठळक छापा, आणि ज्या यंत्राला उन्हापासून आडोसा दिलेला नाही ते शेतीसाठी म्हणून विकू नका. वजनकाट्यावर शिक्का लागतो, पेट्रोल पंपाचे माप तपासले जाते. ज्या आकड्यावर एकराला लाखांचा खर्च ठरतो त्याला कोणी विचारणाराच नसावा, हे मला पटत नाही.

फळपीक विम्याबद्दलही अनेकांचा गैरसमज आहे. हवामानावर आधारित विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या ठरवून दिलेल्या स्वयंचलित केंद्राच्या नोंदीवर ठरते, तुमच्या यंत्राचा फोटो तिथे पुरावा म्हणून चालत नाही. त्यामुळे आपल्या मंडळातले केंद्र कुठे उभे आहे, त्याच्याभोवती झाडे वाढली आहेत का, जवळ नवी इमारत किंवा पत्र्याची शेड आली आहे का, हे गावाने अधूनमधून जाऊन पाहावे आणि काही खटकले तर सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) लेखी द्यावे. गटावर आकडे टाकणाऱ्यांना माझी विनंती आहे की पडद्याच्या फोटोसोबत सेन्सर कुठे आणि किती उंचीवर टांगला आहे आणि बर्फात त्याने किती दाखवले, एवढे तीन तपशील लिहावेत. पौष लागण्याआधी दहा-वीस बागांतून अशा नोंदी जमल्या, तर ओढ्याकाठी किती आणि माळावर किती याचा गावापुरता तक्ता मी स्वतः करून गटावर देईन.