राउटरला दर रविवारी पिन टोचू नका

"राउटरमध्ये तुमचे फोटो आणि ओटीपी साठून राहतात. दर रविवारी मागच्या भोकात पिन घालून १० सेकंद दाबा. कचरा साफ, हॅकर बाहेर, स्पीड दुप्पट. आणि १९२.१६८.१.१ हा तुमचा पत्ता कुणालाही सांगू नका!" सोसायटीच्या ग्रुपवरून हे आता घरच्या ग्रुपवर आलंय आणि काकांनी त्याला अंगठाही दिलाय. काका, पिन खाली ठेवा.

फोटो साठायला जागा कुठे आहे? घरगुती साध्या राउटरची फ्लॅश मेमरी (कायमची साठवण) बऱ्याचदा ८ ते १६ एमबी असते. मोबाइलच्या चार फोटोंत ती संपेल, आणि राउटरची स्वतःची सिस्टीम तिथे आधीच ठाण मांडून बसलेली असते. ३ एमबीचा फोटो निघतो तोच दोन हजारांवर पॅकेटांत तुकडे होऊन, एकेक जास्तीत जास्त १५०० बाइटचं. राउटर पॅकेटवरचा पोचायचा पत्ता बघतो, आपल्या तक्त्यात त्याच्याशी सर्वांत लांबपर्यंत जुळणारी ओळ शोधतो आणि पॅकेट पुढच्या राउटरकडे ढकलतो. १९८१ चं आरएफसी ७९१, म्हणजे आयपीचं (इंटरनेटवर पॅकेट पाठवायच्या नियमांचं) मूळ मानक, स्पष्ट सांगतं की प्रत्येक पॅकेट स्वतंत्र, त्याचा इतरांशी संबंध नाही. त्यावर टीटीएल नावाचा आकडाही असतो. प्रत्येक राउटर तो निदान एकाने कमी करतो, शून्य झाला की पॅकेट फेकून देतो. भरकटलेलं पॅकेटसुद्धा कायम फिरत राहू नये म्हणून ही सोय, आणि म्हणे ओटीपी साठतात.

१९२.१६८.१.१ हा खाजगी पट्ट्यातला, म्हणजे घरातल्या नेटवर्कपुरताच पत्ता. शेजाऱ्यांच्या राउटरचाही तोच असू शकतो. खुशाल सांगा.

आता ती पिन. ते बटण 'कचरा' काढत नाही, राउटर कारखान्यातून आला तसा करतं. पीपीपीओईचं (इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करायचं) युजरनेम-पासवर्ड जातं, व्हीलॅन नंबर (कंपनीच्या लाइनवरचा तुमचा गट-क्रमांक) जातो, वायफायचं नाव-पासवर्ड स्टिकरवरचं होतं. फोन, टीव्ही, कॅमेरा सगळे तुटतात. काही कंपन्यांच्या डब्यात सेटिंग लाइनवरून आपोआप परत येतं. नाही आलं तर रविवारभर कंपनीच्या माणसाची वाट बघा. त्याहून वाईट म्हणजे अ‍ॅडमिन पासवर्डही मूळचा होतो, आणि जुन्या राउटरांत तो चक्क 'अ‍ॅडमिन' असतो. हॅकर घालवायला निघालात आणि कुलूप काढून ठेवलंत. राउटरला खरंच व्हायरसची लागण झाली असेल तर रिसेट योग्य, पण एकदाच, आणि लगेच फर्मवेअर (राउटरची आतली सिस्टीम) अपडेट व नवा पासवर्ड.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. राउटर बंद-चालू केल्याने कधीकधी फरक पडतो. कुठल्या फोनने बाहेर कुठे जोडणी केली, याची नॅट नोंद तो ठेवतो (फोटो नव्हे, फक्त पत्ते आणि पोर्ट, म्हणजे जोडणीचे क्रमांक). टॉरेंट (एकाच वेळी शेकडो जोडण्या करणारं डाउनलोड) चालू असेल तर या नोंदींचा तक्ता भरतो आणि नव्या जोडण्या अडतात. त्यासाठी स्विच बंद करून ३० सेकंद थांबणं पुरे. पिन लागत नाही.

स्पीड दुप्पट? घरच्या राउटरला बाहेरचा एकच रस्ता माहीत असतो: कंपनीकडे. पुढचं पुढचे राउटर ठरवतात, त्यांना तुमची पिन पोचत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'tracert' (ट्रेसर्ट) आणि साइटचं नाव टाका, वाटेतले राउटर ओळीने दिसतील. सहसा पहिली ओळच तुमच्या घरची, बाकी सगळ्या बाहेरच्या.

ज्यांनी बटण आधीच दाबलंय त्यांनी लॅपटॉप केबलने राउटरच्या लॅन पोर्टला जोडावा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ (किंवा स्टिकरवरचा पत्ता) उघडावा आणि वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर पीपीपीओई आयडी, पासवर्ड, व्हीलॅन भरावा. हे तीन कंपनीकडून फोनवर मागून घ्या आणि राउटरच्या पोटाला कागद चिकटवून ठेवा.