पगाराला देत नसतो म्हणे!

आज सकाळी साडेदहाला फोन आला. आमच्या दिव्यांग मुलांच्या संस्थेचे जुने हितचिंतक. माणूस चांगला आहे हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर खाली जे लिहिणार आहे त्यातून तुम्ही भलताच अर्थ काढाल.

"ताई, आईचं वर्षश्राद्ध आहे. तीन व्हीलचेअर देतो. पाठीमागं आईचं नाव घालू."

म्हटलं, काका, व्हीलचेअर पाच पडून आहेत. त्यापेक्षा रात्रपाळीच्या एका मावशींचा सहा महिन्यांचा पगार उचला की.

"पगाराला मी देत नसतो ओ. मुलांसाठी काय ते सांगा."

मुलांसाठी काय ते सांगा! अहो, तेच तर सांगत होते.

आता त्या व्हीलचेअरचंच बघू. पडून असलेल्या पाचही दवाखान्यात असतात तसल्या, घडीच्या, १८ इंच सीटच्या. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं स्नायूंवर ताबा न राहणं) असलेलं दहा वर्षांचं पोर बसलं की जागा घेतं दहा-अकरा इंच. त्याला १८ इंचात बसवलं की ते एका कुशीला कलतं. सीट कापडाची, तिची झोळी होते, गुडघे एकमेकांना चिकटतात, पाठीचा कणा वाकत जातो. पाय लोंबकळतात म्हणून पोर पुढं घसरतं आणि पट्टा बरगड्यांवर येतो. असं वर्षभर बसवलं तर नसलेलं दुखणं लागतं. खुर्ची द्यायचीच असेल तर आधी टेप घेऊन या. बसल्यावरची रुंदी मोजा, दोन्ही बाजूंना बोटभर मोकळं सोडा. पाठीच्या टेकूपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत मोजा आणि त्यातून दोन बोटं वजा करा, ती सीटची खोली. गुडघा काटकोनात आणि तळवा पूर्ण टेकलेला, त्यावरून पायपाट्याची उंची. पट्टा पोटावरून नाही, मांडी आणि पोट मिळतात तिथून तिरका खाली. आणि पोर वाढतं, म्हणजे वर्षा-सहा महिन्यांनी पुन्हा टेप. आमच्याकडं प्लायवूडची फळी, फोम आणि टॉवेलच्या गुंडाळ्या घालून ही सगळी दुरुस्ती कोण करतं? फिजिओथेरपिस्ट आणि आमचे मदतनीस मामा. पगारी माणसं, काका, पगारी!

बरं, सगळ्या खुर्च्या मापाच्या मिळाल्या असं धरू. त्यात बसवणार कोण? चाळीस किलोचा मुलगा एकट्यानं उचलला की उचलणाऱ्याची पाठ गेली. दोघं लागतात.

जेवणाचं ऐका. निवासी विभागात सहा जणांना भरवावं लागतं. (आम्ही सगळ्यांना 'मुलं' म्हणतो. त्यातला एक छत्तीस वर्षांचा आहे. वाईट सवय आहे, सुटत नाही.) भरवणाऱ्यानं उभं राहून भरवायचं नाही, कारण मग खाणाऱ्याची मान वर होते आणि घास श्वासनलिकेकडं जातो. समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. त्याची पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली. चपटा चमचा, अर्धाच भरलेला. घास गिळला का, गालात साठवून ठेवलाय का ते बघायचं, मगच पुढचा चमचा. वरणभात गुठळी न ठेवता कालवलेला. आणि सगळ्यात धोक्याचं काय, तर साधं पाणी! पातळ म्हणून ते गिळण्याच्या आधीच घशात उतरतं. त्यापेक्षा पेज, आंबील बरी. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. जेवल्यावर आवाज ओला, घरघरीत झाला किंवा सारखा सारखा ताप यायला लागला तर अन्न फुफ्फुसात जातंय हे ओळखून दवाखाना गाठायचा.

एकाला अर्धा तास. सहा जणांना तीन तास. तीन वेळचे नऊ. म्हणजे एका माणसाची अख्खी पाळी फक्त भरवण्यात संपली. अंघोळी, कपडे, औषधं, शी-शू सगळं बाकी. आणि भेटीला येणारी मंडळी प्रेमानं आणतात काय, तर भडंग. सांगलीत राहतो, भडंगाविरुद्ध बोलायची माझी छाती नाही. पण ज्याला गिळता येत नाही त्याच्यासाठी कोरडं, हलकं आणि शेंगदाणे घातलेलं यापेक्षा वाईट खाणं शोधून सापडणार नाही. (स्टाफ खातो. आवडीनं खातो. आणत जा.)

रात्रीला दोन माणसं का, असंही काकांनी मागं विचारलं होतं. "झोपलेलीच असतात ना?" झोपेत फिट येते, काका. आली की एकानं शेजारी बसायचं, घड्याळ बघायचं, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, गळ्याचं बटण सैल. तोंडात चमचा नाही, पाणी नाही. कांदा नाही, चप्पल नाही. धरून दाबून ठेवायचं नाही. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला, फिट थांबवणारा मिडाझोलमचा स्प्रे नाकात आणि गाडी. या वेळात फोन कोण लावणार? गोंधळानं उठून भिंतीवर डोकं आपटणाऱ्या दुसऱ्याला कोण बघणार? शिवाय जे स्वतः कूस बदलू शकत नाहीत त्यांना रात्रीही दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. एकटा माणूस हे कसं करणार, सांगा मला.

आणि एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला एक माणूस पुरत नाही, तीनही पुरत नाहीत. आठवड्याच्या पाळ्या २१. साप्ताहिक सुट्टी धरून एक जण करतो सहा. झाली साडेतीन माणसं. आजारपण, सण, गावची जत्रा धरली की चार. संस्थेत २० कर्मचारी झाले की पीएफ लागू, संस्थेचा वाटा १२ टक्के. हे गणित कुठल्याही कारखान्याच्या सुपरवायझरला तोंडपाठ असतं, पण सामाजिक संस्थेनं मांडलं की "तुमचा खर्च पगारावरच फार होतो बघा."

होतो! तिथंच व्हायला पाहिजे! आमच्याकडं यंत्र नाही, कच्चा माल नाही. माणसं हेच काम आहे. शाळेला कुणी म्हणतं का, शिक्षक नकोत, फक्त बाकं देतो?

म्हणतात. बाकांवर नाव घालता येतं.

(इथं चहा घेऊन आले. जरा जास्तच बोलले. असू दे.)

कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांचं (कंपनीचा समाजकामाचा निधी वाटणाऱ्यांचं) वेगळंच. "मॅडम, नियमात पाच टक्क्यांच्या वर पगार बसत नाहीत." नीट वाचा ओ तो नियम. पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या प्रशासकीय खर्चावर. प्रकल्प प्रत्यक्ष राबवायला जो खर्च होतो तो त्यात धरतच नाहीत. विशेष शिक्षक, थेरपिस्ट, मावशी हा प्रकल्पाचा खर्च आहे. यात थोडी चूक आपली संस्थावाल्यांचीही आहे, कबूल करते. ट्रस्टच्या हिशेबाला शेड्यूल ९ असतं, म्हणजे जमाखर्चाचा ठरलेला नमुना. त्यात 'आस्थापना खर्च' (ऑफिस चालवायचा) वेगळा आणि 'न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च' वेगळा. आपले हिशेबनीस झोपेत सगळे पगार आस्थापनेत टाकतात आणि मग देणगीदाराला दिसतं की संस्था नुसती आस्थापनेवरच चाललीय. भरवणाऱ्या मावशींचा पगार उद्दिष्टाखाली, ऑफिसचा आस्थापनेत. सीएला बसून समजावून सांगा. आम्हालाही हे उशिराच सुचलं.

आणि ऑफिसचा पगारही फुकटचा नाही. एका माणसामागं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचं दरवर्षीचं नूतनीकरण, संजय गांधी निराधार योजनेच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला, १८ पूर्ण झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडं कायदेशीर पालकत्वाचा अर्ज. निरामयचं संरक्षण एक लाखाचं आहे, आधी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत, इतका चांगला विमा. पण नूतनीकरणाची तारीख चुकली की ऐन आजारपणात हातात काही नाही. ती तारीख लक्षात ठेवणारा एक माणूस लागतो.

काकांना कराचंही सांगायचं राहिलं. वस्तू दिली तर ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही. पैसे दिले तर मिळते, तीही चेकनं किंवा ऑनलाइन. रोख २,००० च्या वर दिले तर नाही. (नवीन करप्रणाली घेतली असेल तर तसंही नाहीच.) म्हणजे व्हीलचेअरवर सवलत शून्य आणि मावशींच्या पगाराला दिले तर सवलत. पण त्या सवलतीसाठी आम्ही ३१ मेपर्यंत देणग्यांच्या तपशिलाचा १०बीडी फॉर्म भरायचा, उशीर झाला की दिवसाला २०० रुपये. तो कोण भरतं? जाऊ दे.

मावशी जातात त्याचं सांगते, मग थांबते. फेब्रुवारी ते एप्रिल आपल्या तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्ष आणि बेदाण्याचा हंगाम. शेडवर रोख मजुरी, आठवड्याच्या आठवड्याला. दर वर्षी त्या तीन महिन्यांत आमची एखादी मावशी जाते. तिला मी काय तोंडानं थांबवू? मात्र ती गेली की तिच्याबरोबर काय जातं ते देणगीदाराला दिसत नाही. शी-शूची सवय लावायची म्हणजे आधी आठवडाभर दर अर्ध्या तासाला कोरडा की ओला याची वहीत नोंद. त्यातून त्याची वेळ कळते. मग त्या वेळेच्या दहा मिनिटं आधी न्यायचं, तोच संडास, तोच शब्द. चड्डी वर ओढायला शिकवताना सुरुवात शेवटापासून: आपण कमरेपर्यंत आणायची, शेवटचा ओढा त्याचा. जमलं की मांडीपासून, मग गुडघ्यापासून, मग घोट्यापासून. यात तीन-तीन महिने जातात. नवं माणूस आलं, त्यानं घाईत सगळं स्वतःच ओढलं, की पंधरा दिवसांत पाटी कोरी. बोलता न येणारी मुलगी कानावर थापट्या मारते तेव्हा कान दुखतोय की पाळी येणार आहे, हे ओळखायला वर्ष जातं. आम्ही आता सगळं प्रत्येकाच्या वहीत लिहून ठेवतो. वहीनं निम्मं भागतं.

होय, पगाराच्या नावाखाली घरातल्याच चौघांना नेमणाऱ्या संस्था आहेत. माहीत आहेत मला. त्यावर उपाय साधा आहे: ऑडिट रिपोर्ट मागा, पगार बँकेतून जातो का विचारा, हजेरीपट बघा. आणि न सांगता रात्री नऊला या. दोन माणसं जागी दिसली पाहिजेत. काकांना हे सगळं दाखवायला मी केव्हाही तयार आहे.

आता राग उतरलाय, तर हेही लिहिते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं (धोक्याची पातळी ४५). तेव्हा ट्रॅक्टर-ट्रॉली पाठवली होती ती याच काकांनी. एका फोनवर. ट्रॉली नसती तर काय झालं असतं याचा विचार करत नाही मी. त्यात गाद्या चढल्या, पंधरा दिवसांच्या औषधांची पिशवी चढली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कार्डांच्या झेरॉक्स चढल्या. कपड्यांच्या आत नाव, फोन आणि औषध लिहिलेली पट्टी शिवलेली होती, कारण हरवलं तर नाव सांगता येणार नाही. एका स्वमग्न मुलासाठी त्याची स्वतःची स्टीलची ताटली घेतली होती. दुसऱ्या ताटलीत तो जेवतच नाही, मदत छावणीत उपाशी राहिला असता. ही ताटली कुणाच्या लक्षात आली? मावशींच्या. त्यांचं स्वतःचं घर तेव्हा पाण्यात होतं.

काकांना संध्याकाळी फोन केला. खुर्ची एकच घ्या म्हटलं, मापाची, सीट ११ इंच, खोली १२. उरलेल्या दोनच्या पैशांचं बोलू. "बघतो" म्हणाले. म्हणजे नाही म्हणाले नाहीत. आईचं नाव कुठं घालायचं ते मात्र मलाही सुचलेलं नाही. रात्रपाळीच्या हजेरीपटावर घालावं काय?

तर मंडळी, रात्रपाळीला दोन जागा रिकाम्या आहेत. शिक्षणाची अट नाही, लिहिता-वाचता यावं, कारण औषधाच्या तक्त्यावर वेळ लिहून सही करायची असते. पाठ धड पाहिजे, झोप सावध पाहिजे. पहिले पंधरा दिवस जुन्या मावशींबरोबर शिकायचं, त्याचेही पैसे मिळतात. जेवण इथंच. सांगली-मिरज-कुपवाडची असली तर बरं, रात्री यायला सोपं पडतं. कुणी ओळखीचं असेल तर इनबॉक्स करा. पगार इथं लिहीत नाही. लाज वाटते. फोनवर सांगते.