चलन पडलं म्हणून विमा बंद होत नाही

रविवारी महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या शिनोळीहून मामा आले. दुचाकीच्या मागे रताळ्याचं पोतं, हातात मोबाईल. "विमा आता कशाला भरू गा? तीन चलन पडल्यात, विमा गेलाच म्हणे." त्यांच्या मोबाईलवर आलेला मेसेज वाचून माझं डोकंच फिरलं: चलनाला गुण पडतात, बारा झाले की लायसन्स कायमचं रद्द, एक चलन थकलं की विमा आपोआप बंद, आणि एमएच पासिंगच्या गाडीचा विमा कर्नाटकात चालतच नाही.

शेवटचं आधी उरकतो. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा, केंद्राच्या कायद्याखालचा आहे, देशभर चालतो. चंदगडकडनं बेळगावला रोज माल आणणाऱ्यांना असं घाबरवू नका.

बारा गुणांचा तक्ता १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात नाही. गुणांची गोष्ट अगदीच हवेतली नाही, एवढं मानतो. २०२१ च्या जानेवारीत विमा नियामकाच्या कार्यगटानं चलनांप्रमाणे हप्ता वाढवायचा आराखडा मांडला होता. दारू पिऊन चालवलं तर १०० गुण, चुकीचं पार्किंग १०. पण तो हप्ता वाढवायचा प्रस्ताव होता, विमा तोडायचा नव्हे. हेल्मेट नसलं तर दंडाबरोबर तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं, तेही खरं. तीन महिने. कायमचं नव्हे.

आता ज्यानं मामा विमा सोडायला निघाले होते ते: चलन थकलं की विमा बंद. अपघातग्रस्ताची भरपाई नाकारायला कंपनीला कोणती कारणं देता येतील, ते त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये नेमून दिलंय: लायसन्सच नसणं, चालवायला अपात्र ठरलेलं असणं, शर्यत, दारू वगैरे. थकलेलं चलन त्यात कुठंही नाही. उलट २००४ च्या स्वर्ण सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की चालकाच्या लायसन्समध्येच खोट निघाली तरी अपघात भरपाईचं न्यायाधिकरण कंपनीला सांगू शकतं, आधी जखमीला पैसे दे, मग मालकाकडून वसूल कर. लायसन्सच्या खोटीवर ही स्थिती, तर चलनाचं काय घेऊन बसलात?

आणि मेसेज ऐकून विमा सोडला तर? १ जून २०२२ पासूनच्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ७१४ रुपये, कर वेगळा. बिनविम्याची गाडी पहिल्यांदा सापडली तर कायद्यात २,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पोतं घेऊन येताना कुणाला धडक बसली, तर भरपाई मामांच्या दीड एकरातून जाणार. मेसेज लिहिणारा येणार आहे का भरायला?

चलनं थकवू नका, हे मीही सांगतो. लायसन्स निलंबित असताना गाडी काढली तर दिलेली भरपाई वसूल करायला कंपनी खरंच मालकाच्या मागे लागू शकते.

एका एजंटानं मामांना "पंधराशे द्या, गुण पुसून देतो" असंही सांगितलं होतं. पुसायला आहे काय तिथं? पैसे दिले नव्हते, वाचले. पॉलिसीला चार दिवस उरले होते. हप्ता मी तिथंच भरला, पावती त्यांच्या मोबाईलवर टाकली. तिन्ही चलनं भरायला मंगळवारी बाजार उरकून दोघं जाणार आहोत.