साखर सोडली, पावाचं काय?

मधुमेहावरचा एक लेख वाचला. 'चहातली साखर सोडा, मधुमेह टळेल' हा त्याचा सूर अर्धाच खरा. आपल्या नाशकात रविवारी मिसळीच्या टेबलावर बघा: चहा बिनसाखरेचा, पण पाव चार! मैद्याचंही शेवटी ग्लुकोजच होतं. द्राक्षांच्या हंगामात तर 'फळच आहे' म्हणत अख्खा घड फस्त.

आमच्या सासऱ्यांची उपाशीपोटी साखर 108 आली, तर घरचे म्हणाले, नॉर्मलच आहे. अहो, 100 ते 125 हा मधुमेहाचा उंबरठा. 126 पासून मधुमेह, तोही सहसा पुन्हा तपासून पक्का करतात. एचबीएवनसी ही रक्ततपासणी साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे आदल्या दोन दिवसांचं पथ्य तिथे चालत नाही. ती 5.7 ते 6.4 टक्के आली तरी सावध व्हायचं.

लेखात कमरेचा घेर यायला हवा होता. पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटरच्या पुढे धोका वाढतो, वजन बेताचं असलं तरी.

आणि कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे जमत नसेल, तर जेवणानंतर पंधरा मिनिटं सोसायटीतच चाला. पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारा.