एक बाय टू आणि चार तास

घरात काम होत नाही, हे आईला कधी सरळ सांगू नका. "घरात नेट चालंना" एवढंच सांगा. यात कुणाचा अपमान होत नाही. शिवाय नेटचं बिल वडील भरत असल्यामुळे ते दोन दिवस आपलंच काही चुकल्यासारखे वावरतात. तेवढ्यात चार्जर उचलायचा आणि बेळगावच्या टिळकवाडीतून बाहेर पडायचं.

हे दुखणं तसं २०२० सालचं. टाळेबंदीत पुण्या-बंगळूरची पोरं लॅपटॉप पोटाशी धरून घरी आली. पुढच्या वर्षी महाराष्ट्रातून येणाऱ्याला कोगनोळीला आणि शिनोळीला आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय आत सोडत नव्हते. नोकरी मात्र रिपोर्ट न दाखवता सीमा ओलांडून आली आणि परत जायचं नाव घेईना. आता कंपनी पुण्याची, मॅनेजर बंगळूरचा आणि दोघांच्या मधोमध तुम्ही, बसायला जागा शोधताय.

कॅफेत शिरल्यावर नवखी माणसं मेनूकार्ड बघतात. तुम्ही भिंतीच्या बुडाशी बघा. चार्जिंगचा पॉइंट दिसला की ती आपली जागा, मग ते टेबल सहा जणांचं का असेना. पॉइंटमध्ये आइस्क्रीमच्या फ्रीजरची पिन असेल तर ती काढून ठेवा. बेळगावची हवा थंड असते, असं आपणच पाहुण्यांना सांगत असतो.

उडप्याच्या दर्शिनीत मात्र पाऊल टाकू नका. तिथली कॉफी गावात सगळ्यात चांगली असते, हे खरं आहे. पहाटे चिकोरी घातलेली पूड फिल्टरमध्ये दाबून वर उकळतं पाणी ओतलेलं असतं, डिकॉक्शन थेंबथेंब उतरलेलं असतं, आणि मागितल्यापासून मिनिटाभरात फेसाचा पेला पुढ्यात येतो. पण खुर्ची नाही. उंच टेबलाशी उभं राहायचं, प्यायचं आणि निघायचं. तुमची एक मीटिंग होईपर्यंत त्या टेबलावर दहा माणसं इडली खाऊन, हात धुऊन कामालाही लागलेली असतात. अशा ठिकाणी कामाचं वातावरण कसं असणार?

तेव्हा कॉलेज रोडला किंवा आरपीडी क्रॉसच्या आसपास काचेचं दार असलेलं काहीतरी गाठा. ऑर्डर कुठल्या भाषेत द्यायची, हा विचार दारातच सुरू होतो. मराठीत बोललो तर मालक कोण निघेल? कन्नडमध्ये बोललो तर ओळखीचं कुणी ऐकेल का? तुम्ही असे घुटमळत असताना पोरगं येऊन "भैया, क्या लोगे?" विचारतं. ते आसामचं असतं. सीमाप्रश्न तेवढ्यापुरता शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसतो.

आता मुख्य विद्या. एकट्याने बाय टू मागवायची. एक कॉफी दोन पेल्यांत वाटून घ्यायची ही कर्नाटकाची फार जुनी आणि सभ्य सोय आहे, पण ती दोन माणसांसाठी आहे असं कुठे लिहिलंय? "मित्र येतोय" म्हणून सांगा. अकरा वाजता पहिला पेला प्या. दुसरा समोर ठेवा. तो असेपर्यंत टेबल साफ करायला कुणी येत नाही. एक वाजेपर्यंत तो गार होतो. शेजारच्या टेबलावर त्याच गार कॉफीत बर्फ घालून दीडशे रुपये घेतात, तुमची तर फुकटात झाली. मित्र काही येत नाही. तीन वाजता त्याला फोन लावून जरा रागवा, मालकाला ऐकू जाईल इतपत.

मनाला टोचणी लागली तर एक हिशेब करून बघा. देशातली साधारण ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते. आपण कर्नाटकात आहोत की नाही, याचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे. निकाल काहीही लागो, तोवर त्या कॉफीवर आपला थोडाफार हक्क आहेच की! भाडं, वीज, दूध, पोरांचे पगार हे मालकाचे घरगुती प्रश्न झाले. त्यात आपण परक्याने पडू नये.

मीटिंगला उशीर झाला तर "दुसरं गेट पडलंय" म्हणा. बंगळूरच्या मॅनेजरला रेल्वेचं दुसरं गेट म्हणजे काय ते ठाऊक नसतं, त्याला ते काहीतरी सिस्टीममधलं वाटतं. पाठीमागून गाडीची शिट्टी ऐकू आली तर उत्तमच.

नेट गेलं तर हॉटस्पॉट, लाइट गेली तर बॅटरी. पण ओळखीचा माणूस आला तर बेळगावात कुठलाही उपाय चालत नाही. काचेतून एखादे काका बघतात, आत येतात आणि विचारतात, "काय कराल्यास रे इथं? रजा?" काम करतोय म्हणून सांगितलं तर ते स्क्रीनकडे बघतात, मग गार पेल्याकडे, मग तुमच्या पायातल्या चपलेकडे. "बरं, बरं. बस की." संध्याकाळपर्यंत शहापुरात बातमी पोचते, की पोराची पुण्याची नोकरी गेली आणि ते दिवसभर हाटेलात बसून असतंय. रात्री मावशीचा फोन येतो, दोन ठिकाणी बोलणी चालली होती ती जरा थांबवूया म्हणून. यावर उपाय मलाही सापडलेला नाही. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून बसावं असं वाटलं होतं, तर लोक वीजबिल माझ्याकडे द्यायला लागले.

कुणीतरी तुम्हाला निसर्गाच्या कुशीत जायला सांगेल. खानापूर, जांबोटी करत कणकुंबीला जा, तिथे मलप्रभा उगम पावते. पावसाळ्यात गेलात तर नदी दिसेल, नेटवर्क उगम पावताना दिसणार नाही.

खरं म्हणजे जिल्ह्यात एकच जागा या कामासाठी बांधल्यासारखी आहे, ती हायवेवरची सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटकाच्या विधिमंडळाची इथली इमारत. २०१२ साली उद्घाटन झालं. खुर्च्या भरपूर, आवारात हवा मोकळी. डिसेंबरातले अधिवेशनाचे दहा-बारा दिवस सोडले तर कुणी येऊन "ही जागा रिकामी आहे का?" विचारणार नाही. तिथेही एक पेला भरून ठेवलेला असतो आणि मित्र येत नाही. आपल्याला आत सोडत नाहीत, एवढाच काय तो दोष. अधिवेशनाच्या दिवसांत मात्र घरीच बसा. अर्धा रस्ता मंत्र्यांच्या गाड्यांना आणि उरलेला आंदोलनांना लागतो, आणि पॉइंटजवळची खुर्ची कुठल्यातरी स्वीय सहायकाने धरलेली असते.

माझी स्वतःची जागा दीड वर्ष टिकली. मालक शहापूरचाच, मराठी. दर सकाळी न चुकता विचारायचा, "आज पण काम, ओ?" दिवाळीला मी त्याला पाव किलो कुंदा दिला, त्यावर पुढचे चार महिने काढले. मग फलकांवर साठ टक्के कन्नड हवं असा नियम २०२४ मध्ये आला. बाहेरची पाटी बदलताना त्याने त्याच पेंटरकडून आतली एक छोटी पाटी करून घेतली आणि ती बरोब्बर माझ्या पॉइंटच्या वर ठोकली. पूर्ण कन्नडमध्ये. एका तासाहून जास्त बसू नये, असं काहीतरी.

काहीतरी कसलं, तेच होतं. दहावीपर्यंत कन्नड शिकलोय मी. पण त्या दिवशी मी त्याला सांगितलं, "मालक, मला कन्नड वाचता येत नाही." तो बघत राहिला. मग मी आवाज चढवून सांगितलं, की आपण इथले अल्पभाषिक आहोत, लोकसंख्येत १५ टक्क्यांहून अधिक आहोत, कागदपत्रं आपल्या भाषेत मिळावीत ही आपली कितीतरी वर्षांची मागणी आहे, आणि एका मराठी माणसाने मराठी माणसाला न कळणारी पाटी लावावी याचं मला दुःख होतंय. आजूबाजूचे दोघे तिघे मान डोलवायला लागले. मालकाने काहीही न बोलता मान खाली घातली. जिंकलो म्हणून मी त्या दिवशी अर्धा तास जास्तच बसलो.

दुसऱ्या दिवशी अकराला गेलो. पाटीखाली वहीचा कागद चिकटवला होता, निळ्या पेनने, सुवाच्य मराठीत: "काम करणारे दादा, तुमचा मित्र येऊन गेला. दोघांचं बिल काउंटरला आहे."