कर्ज मागणाऱ्याकडून तीन वर्षांचे रिटर्न, मत मागणाऱ्याकडून नुसता आकडा

गेल्या आठवड्यात संध्याकाळी सातच्या सुमाराला एक यंत्रमागवाले काका ऑफिसात आले. आठ माग, त्यातले निम्मे बंद. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय, शैक्षणिक कर्ज पाहिजे. बँकेनं सांगितलं, वडिलांचे तीन वर्षांचे आयकर रिटर्न आणा, आणि नुसती पोचपावती चालणार नाही, कॉम्प्युटेशनसकट पाहिजे. म्हणजे पैसा कशातून आला, वजावट किती घेतली, विम्याचा हप्ता किती, आधीचं कर्ज किती, सगळं. पिशवीतून कागद काढता काढता काका म्हणाले, "म्याडम, साडेतीन लाखापायी माझं सगळं घर उघडून बघत्यात. निवडणुकीला उभं ऱ्हाणाऱ्याचं पण असंच बघत्यात का ओ?"

मी म्हटलं, नाही काका. त्यांचा फक्त आकडा बघतात.

ते काही बोलले नाहीत, कागद पुढं सरकवले. पण मला ते उत्तर देताना लाज वाटली. सांगली जिल्ह्यातल्या विट्यात एकोणीस वर्षं मी लोकांचे रिटर्न भरते. यंत्रमागवाले, पोल्ट्रीवाले, केरळ-तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानावर असलेली आणि दिवाळीला गावी आली की कागदांची थप्पी माझ्यासमोर टाकणारी माणसं. रिटर्नमध्ये काय दिसतं आणि एका आकड्यात काय दडतं हे मला रोजच्या कामातून माहीत आहे. म्हणून सरळ लिहिते: ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत जो कोणी मत मागायला येतो, त्याचे मागच्या पाच वर्षांचे रिटर्न, अख्खे, मतदारासमोर आले पाहिजेत. आधार नंबर, खाते नंबर, घरचा पत्ता, मोबाइल झाका. बाकी सगळं उघडं.

आज काय चालतं ते आधी सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की रिटर्न जोडावे लागतातच. लोकसभा-विधानसभेच्या अर्जासोबत नमुना २६ नावाचं शपथपत्र असतं. उमेदवारानं स्वतःचे, जोडीदाराचे, अवलंबून असलेल्यांचे मागच्या पाच वर्षांच्या रिटर्नमधले एकूण उत्पन्नाचे आकडे त्यात लिहायचे. वर्ष आणि पुढं रक्कम, बस. हेसुद्धा सुखासुखी मिळालेलं नाही. आयआयएम अहमदाबादच्या प्राध्यापकांनी उभी केलेली एडीआर ही संस्था कोर्टात गेली, २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. त्यावर सगळे पक्ष एक झाले आणि कायद्यात कलम घालून तो निकाल बोथट केला. १३ मार्च २००३ ला न्यायालयानं ते कलमच रद्द केलं. २०१८ साली लोकप्रहरी संस्थेच्या याचिकेवर निकाल आला, उत्पन्नाचा स्रोतही सांगा. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाच वर्षांचे आकडे आले. सतरा वर्षांत एवढं अंतर कापलंय.

आता त्या आकड्याबद्दल. "एकूण उत्पन्न" हा शब्द ऐकून सामान्य माणूस समजतो, घरात आलेला सगळा पैसा. तसं नसतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, ते एकूण उत्पन्नात धरत नाहीत. भागीदारी फर्मचा कर फर्म भरते, म्हणून भागीदाराला मिळालेला नफ्याचा वाटाही त्याच्या एकूण उत्पन्नात येत नाही. मागच्या वर्षांचा तोटा ओढून आणला तर तोही वजा होतो. उदाहरणादाखल समजा, एखाद्याला शेतीतून साठ लाख आले, फर्ममधून चाळीस लाख आले, आणि बँकेचं व्याज-भाडं मिळून चार लाख ऐंशी हजार. शपथपत्रात लिहायचा आकडा चार लाख ऐंशी हजार. त्यानं काही खोटं लिहिलेलं नाही, कायदा मोडलेला नाही. आणि माझा आठ मागांचा काका त्याच्या शेजारी जवळजवळ तोलामोलाचा दिसतो.

स्रोताच्या रकान्यात काय असतं? "शेती व व्यवसाय." परवा रात्री मी आपल्या भागातल्या निवडणुकांची जुनी शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या साइटवरून काढून वाचत बसले. निम्म्याहून अधिक ठिकाणी हेच तीन शब्द.

रिटर्न उघडा, मग बघा. पाच लाखांच्या वर शेती उत्पन्न दाखवलं की रिटर्नच विचारतो: जमीन कुठल्या जिल्ह्यात, पिनकोड काय, किती एकर, मालकीची की खंडानं, बागायत की जिरायत. म्हणजे सरकारकडे हे सगळं आधीच लिहून दिलेलं आहे. मतदारालाच तेवढं दाखवायचं नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा भाग. शेतीचं उत्पन्न खरं की कागदावरचं, हे मुंबईत बसलेला अधिकारी ओळखू शकेल की नाही कोण जाणे, पण तासगावचा द्राक्षवाला एका मिनिटात ओळखेल. उसाचं घ्या. आपल्याकडे एकरी शंभर टन काढणाऱ्याला कारखाना फेटा बांधून सत्कार करतो. टनाला साडेतीन हजार धरा, तोडणी-वाहतूक, खत, पाणीपट्टी काहीच वजा करू नका, तरी एकरी साडेतीन लाख झाले. त्याच्या पुढं ऊस क्वचितच जातो. मग कोणी दहा एकरांत पाऊण कोटी ऊस दाखवला, तर पारावर बसलेला कुठलाही माणूस विचारेल, बाबा, बियाणं कुठलं आणलंस ते आम्हालाही दे. जतकडची जिरायत जमीन आणि बेदाण्याचं उत्पन्न एकाच ओळीत दिसलं, तर तिथं टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी कधी पोचलं हे गावाला तोंडपाठ असतं. हळद सांगलीच्या यार्डात कुठल्या साली काय दरानं गेली हे घराघरात माहीत आहे. एवढे तपासनीस फुकट उपलब्ध असताना कागद त्यांच्यापासून लपवून ठेवायचा, हे मला पटत नाही.

आणि हा कागद प्रामाणिक माणसाच्या बाजूनंही उभा राहतो. दर निवडणुकीला पेपरात येतं, अमक्याची मालमत्ता पाच वर्षांत तिप्पट. अरे, त्याची आजोबांची चार एकर जमीन हायवेला लागून असेल आणि भाव चढला असेल, तर त्यानं काय केलं? कराडपासून शिरवळपर्यंत असे किती शेतकरी आहेत, काही न विकता कागदावर करोडपती झालेले. मालमत्तेच्या आकड्यावरून त्याची बदनामी होते. रिटर्न उघडा असता तर दिसलं असतं की पाच वर्षांत घरात फारसं काही आलेलंच नाही. उलट ज्याचं उत्पन्न सभापती झाल्यावर एकदम उड्या मारतं, तेही वर्षवार दिसलं असतं, कुठल्या धंद्यातून, उलाढाल किती, कर किती भरला.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. तिथं निक्सन अध्यक्ष असताना १९७३ मध्ये रिटर्न लोकांसमोर ठेवावे लागले. एका वर्षी त्यांनी आठशे डॉलरसुद्धा कर भरला नव्हता, जुनी कागदपत्रं दान दिल्याची मोठी वजावट घेतली होती. पुढं चौकशीत ती टिकली नाही आणि थकलेला कर भरायची पाळी आली. त्यानंतर रिटर्न जाहीर करायची प्रथा पडली. पण ती प्रथाच राहिली, कायदा झाला नाही. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी नाही म्हटलं आणि कोणी काही करू शकलं नाही. त्यांचे रिटर्न बाहेर आले २०२२ च्या डिसेंबरात, निवडून येऊन, चार वर्षांची टर्म संपून दोन वर्षं होत आल्यावर. मतदाराला त्याचा काय उपयोग? म्हणून मी "स्वेच्छेनं जाहीर करावेत" असं म्हणत नाही. सक्ती पाहिजे, आणि अर्ज भरायच्या दिवशीच पाहिजे.

आता जे आक्षेप मला माझ्याच मित्रमंडळींनी घेतले त्यांच्याकडे येते.

खासगीपणाचा मुद्दा खरा आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलंय की रिटर्न ही वैयक्तिक माहिती, व्यापक जनहित असल्याशिवाय माहिती अधिकारात द्यायची नाही. ते प्रकरण एका सरकारी कर्मचाऱ्याचं होतं. त्याची बाजू मला मान्य आहे, माझ्या अशिलांचा एक कागद मी सख्ख्या भावालाही दाखवत नाही. एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचलच्या एका आमदाराच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं, उमेदवारालाही खासगीपणा आहे, घरातली प्रत्येक बारीकसारीक वस्तू सांगायची गरज नाही. तेही बरोबर. घरात घड्याळं किती हे मला नकोच आहे. पण ज्याला कोट्यवधींच्या कामांवर सही करायची आहे, त्याचा पैसा कुठल्या धंद्यातून येतो ही घरगुती बाब राहत नाही. उमेदवारीला कोणी कोणाला ढकलत नाही, माणूस स्वतः हात जोडून दारात येतो.

दुसरा प्रश्न गरीब उमेदवाराचा. ज्या बाईनं आयुष्यात रिटर्न भरलेला नाही, भरायची गरजच पडली नाही, तिचं काय? तिनं एका ओळीत लिहावं, उत्पन्न करपात्र नाही, रिटर्न भरलेला नाही. तिचा अर्ज याच्यावरून बाद होता कामा नये. ज्याचे आहेत त्यानं दाखवायचे, एवढंच.

आणि जोडीदाराचे रिटर्न? इथं मी जरा थांबणार आहे, कारण यावर कोणी बोलत नाही. माझ्याकडे जुलैत जे गठ्ठे येतात, त्यात निम्मे रिटर्न बायकांच्या नावचे असतात. दादा आणून देतात, दादाच ओटीपी सांगतात. त्या बाईला माहीत नसतं की तिच्या नावावर शिलाईकामाचा धंदा दाखवलाय की दुधाचा. एकदा राखीव जागेवर उभ्या राहणाऱ्या एक वहिनी शपथपत्रासाठी आल्या होत्या. नवरा बाहेर फोनवर बोलत होता. वहिनींनी खुर्ची पुढं ओढली आणि हळूच विचारलं, "ताई, माझ्या नावावर किती दावलंय?" मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी बोटानं ओळी मोजत, आकड्यांवर बोट ठेवत सगळं वाचलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाल्या, "एवढं मी कमावलं व्हय?" आणि गप्प बसल्या. राज्यातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना २०११ पासून आहेत. रिटर्न चौकात लागणार म्हटल्यावर त्या सगळ्या जणी सही करायच्या आधी तो एकदा तरी वाचतील, आणि माझ्यासारख्यांनाही त्यांच्याशी बोलूनच भरावा लागेल.

"कागद काय, मॅनेज होतात," असंही ऐकवलं जातं. होतात. पण खोटं लिहिलेला कागद कपाटात असणं वेगळं आणि गावासमोर असणं वेगळं. अर्ज घेणारा निवडणूक अधिकारी शपथपत्र खरं की खोटं हे तपासत बसत नाही, रकाने भरलेत का ते बघतो. खोट्या शपथपत्राला शिक्षा आहे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, पण त्यासाठी आधी कोणाला तरी खोटं दिसलं पाहिजे.

आणि हे आपल्याकडे नवीन नाही हो. आपण सहकारातली माणसं. सहकार कायद्यात लिहिलंय की संचालकांना आणि त्यांच्या घरच्यांना दिलेल्या कर्जांचा तपशील वार्षिक सभेपुढं ठेवायचा. माझ्या आत्याचे ऐंशी हजार एका पतसंस्थेत अडकले, भाजी विकून साठवलेले. संस्था बुडाल्यावर आम्ही जुने अहवाल शोधले. एक सापडला तो माझ्या चुलतभावाच्या भूगोलाच्या पुस्तकाला कव्हर घातलेला. उलगडून बघितला तर संचालकांच्या नातेवाइकांच्या कर्जाचं पान त्यातच होतं, नावानिशी. दोन वर्षं आमच्या घरातच होतं ते, फक्त कोणी वाचलं नव्हतं. तेव्हापासून मी अहवाल आला की आधी ते पान काढते, आणि आत्यालाही वाचून दाखवते. तिचे पैसे अजून आलेले नाहीत.

२०१९ चा बदल नियमात दुरुस्ती करून झाला होता, म्हणजे यासाठी संसदेत नवा कायदा आणायचीही गरज नाही. स्थानिक निवडणुकांच्या शपथपत्राचा नमुना तर राज्य निवडणूक आयोगच ठरवतो. मी आयोगाला पत्र लिहिलंय, दोन पानी. ज्यांना तसंच पाठवायचं आहे त्यांनी कमेंटमध्ये सांगा, मजकूर देते, आपापल्या शब्दांत बदलून पाठवा.

नियम होईल तेव्हा होईल. तोपर्यंत खानापूर-आटपाडी-कडेगावातल्या कुठल्याही पक्षाच्या, किंवा अपक्ष, उमेदवारानं स्वतःहून पाच वर्षांचे रिटर्न लावायचे ठरवले, तर झाकायचे नंबर झाकून, शेतीचं पान वर काढून, लोकांना वाचता येईल असा संच मी करून देईन. फी घेणार नाही. यंत्रमागवाल्या काकांना मी हे सांगितलंय. त्यांच्या मुलीचं कर्ज परवा मंजूर झालं, पेढे द्यायला आले होते. जाताना विचारून गेले, "आलं का कोण?"

अजून नाही. ऑफिस रात्री आठपर्यंत उघडं असतं.