राख टाक की!

वांग्याचं रोप रात्रीत बुडापासून कापलं गेलं? राख टाक. मिरचीच्या कोवळ्या पानांखाली मावा? राख टाक. नवलकोलाच्या रोपांचा गोगलगायींनी फडशा पाडला? राख टाक की रे! अनगोळपासून खानापूरपर्यंत जो तो काका हाच उतारा सांगतो, तोही न विचारता.

अहो, जुलैत बेळगावात पाऊस कसा कोसळतो ते ठाऊक आहे ना? भिजलेली राख गोगलगाय अडवते होय? ती त्यावरून वरातीसारखी डुलत जाते! रोप कापणारी अळी दिवसा बुडाजवळ मातीत दडलेली असते. तिला उकरून काढायची, रोपाभोवती पुठ्ठ्याचं कडं रोवायचं. मावा पानाच्या खाली, तुम्ही राख उधळता वरून! लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी, नि फवारा पानाच्या पोटाला. पण एवढं ऐकायला सवड कुणाला?

गोगलगायींसाठी रात्री ओलं पोतं पसरलं, सकाळी खाली जमलेल्या वेचायच्या म्हणून. शेजारच्या मावशींनी ते पहाटेच उचलून वाळत घातलं. वर राखेची पाटी ठेवून गेल्या!